घर बांधणे आणि घर राखणे

(चाळीतील रहिवाशांच्या एका सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण मला घरांच्या प्रश्नावर बोलण्यासाठी बोलाविले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या चाळी आज ना उद्या पाडल्या जातील व त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहतील. १६० चौरस फुटांच्या खोलीत ज्यांच्या तीन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना स्वतंत्र न्हाणीघर, स्वतंत्र संडास व वेगळे स्वयंपाकघर असलेले घर मिळावे, याचा आनंद कोणाला होणार नाही? वरळीच्या बीडीडी चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्या आनंदात मीही सहभागी आहे. परंतु आनंदाच्या प्रसंगी हिशेब विचारणारा माणूस कोणालाही आवडत नाही, हे ठाऊक असूनही मी आज आपल्यापुढे हिशेबच मांडणार आहे. गरिबाचे घर कोणाच्या पैशाने बांधले जाते आणि बांधल्यानंतर ते कोणाच्या पैशाने उभे राहते, या दोन प्रश्नांचा हा हिशेब आहे. पहिला प्रश्न सर्वच विचारतात. दुसरा फारसा कोणी विचारीत नाही. आणि या शहरात गरिबांची जी घरे गेली, ती बहुतेक या दुसऱ्या प्रश्नापायीच गेली.

हा विषय आपल्या समाजाला इतरांहून अधिक जवळचा का, हे आधी सांगितले पाहिजे. खाजगी मालकाकडे घर मागावयास गेले की तो प्रथम आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग स्वयंपाकात काय शिजते ते विचारतो. ज्याच्या खिशात भाड्याचे पैसे आहेत अशा आपल्या सुशिक्षित तरुणालाही या प्रश्नांची उत्तरे देत दारोदार हिंडावे लागते. संविधानाच्या पंधराव्या कलमाने शासनाला जात, धर्म, वंश, लिंग वा जन्मस्थान यांवरून भेद करण्याची मनाई केली आहे. परंतु खाजगी मालकाच्या उंबरठ्यापर्यंत त्या मनाईचा हात सहजासहजी पोचत नाही. म्हणून जे घर शासनाचे किंवा नगराचे आहे, तेथे आडनाव विचारण्याचा अधिकार कोणालाच नाही, ही गोष्ट आपल्यासाठी लहान नव्हे. परमपूज्य बाबासाहेब आपल्या आयुष्यातील सुमारे दोन तपे परळच्या पोयबावडीतील इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहिले. ती चाळ सार्वजनिक पैशाने बांधलेली होती. अशी घरे शहरातून नाहीशी झाली, तर इतरांचा निवारा जाईल. आपला निवारा तर जाईलच, पण त्यासोबत आडनाव न सांगता राहण्याची जागाही जाईल.

आता मुंबईने आजवर पैसा कसा उभा केला ते क्रमाने पाहू.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. गलिच्छ वस्त्यांतून रोग पसरतो व व्यापार बुडतो, हे ध्यानी आल्यावर सरकारने १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. सरकारने व नगरपालिकेने आपल्या मोकळ्या जमिनी त्याच्या हवाली केल्या आणि ट्रस्टने कर्जरोखे काढून पैसा उभारला. रुंद रस्ते झाले, हवेशीर वसाहती झाल्या; परंतु आरंभीच्या काळात जेवढ्या खोल्या पाडल्या गेल्या, त्या मानाने गरिबांसाठी बांधल्या गेल्या त्या फार थोड्या. उठविलेली माणसे जवळच्याच चाळींत अधिक दाटीने राहू लागली. सुधारणेचा खर्च अशा रीतीने गरिबांनीच सोसला.

पुढे १९२० साली मुंबई सरकारने विकास खाते, म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, स्थापन केले. बीडीडी हे नाव त्याचेच. पन्नास हजार खोल्या बांधावयाचा संकल्प होता. त्यासाठी कर्ज काढले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसविला. ज्या कापसाने गिरण्या चालत, त्याच कापसाने गिरणीकामगाराच्या घराला हातभार लावावा, ही कल्पना न्यायाचीच होती. परंतु कर लहान व कर्ज मोठे, अशी स्थिती झाली. बांधकामाचा खर्च अंदाजाबाहेर गेला. कर्ज फिटेल असे भाडे कामगाराला परवडेना आणि कामगाराला परवडेल अशा भाड्यातून कर्ज फिटेना. घरांची टंचाई असलेल्या शहरात कित्येक नव्या खोल्या वर्षानुवर्षे रिकाम्या पडून राहिल्या. वरळीच्या काही चाळींचा तर १९३० च्या कायदेभंगात तुरुंग म्हणून उपयोग करण्यात आला. पन्नास हजारांच्या संकल्पातून शेवटी उभ्या राहिल्या त्या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. यातून आपण एवढे शिकावे की, गरिबाचे घर केवळ कर्जाच्या पैशाने बांधले, तर कर्जाचे व्याज गरिबाच्याच भाड्यात येऊन बसते.

तिसरा मार्ग भाडेनियंत्रणाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व त्यानंतर शहरात माणसांची रीघ लागली. घरमालकांनी भाडी वाटेल तशी वाढवू नयेत म्हणून १९४७ च्या कायद्याने ती १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकली. या कायद्याने लाखो कुटुंबांना बेघर होण्यापासून वाचविले, हे आपण कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु भाडे थांबले तरी चुन्याचा, लोखंडाचा, गवंड्याच्या मजुरीचा भाव थांबला नाही. मालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरविली. लाकडी तुळया कुजल्या, गच्च्या गळू लागल्या आणि पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या. तेव्हा महाराष्ट्र शासनाने १९६९ साली कायदा करून इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ स्थापन केले. जुन्या मुंबईतील १९,६४२ इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसविण्यात आला. त्यात शासन व महानगरपालिका यांनीही भर घालावी असे ठरले. या इमारतींना उपकरप्राप्त इमारती म्हणतात.

बंधुभगिनींनो, माझ्या मते या शहराने केलेल्या कायद्यांत हा एक अत्यंत शहाणपणाचा कायदा होता. जुने घर वेळेवर दुरुस्त करणे हे ते पाडून नवे बांधण्यापेक्षा स्वस्त असते, आणि त्यात कोणाला आपली वस्ती सोडून जावे लागत नाही. ज्या नगराची तिजोरी लहान आहे, त्याने पहिला रुपया दुरुस्तीवरच खर्च करावा. मग या कायद्याचे फळ अपुरे का राहिले? उपकराची आकारणी इमारतीच्या करपात्र मूल्यावर, आणि ते मूल्य गोठलेल्या भाड्यावर! भाडे वाढत नाही म्हणून उपकर वाढत नाही आणि दुरुस्तीचा खर्च मात्र दरसाल वाढतो. दर चौरस मीटरला इतकेच रुपये खर्चावे, अशी मर्यादा घातली गेली. खर्च त्यापलीकडे गेला की वरचा भार रहिवाशांवर, नाही तर इमारत मोडकळीस आल्याचा शेरा. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात अशीच एक जुनी इमारत कोसळली व तीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. निधी स्थापन करणे पुरेसे नाही. खर्च जसा वाढेल तसा निधीही वाढला पाहिजे, हा धडा त्या ढिगाऱ्याखाली सापडतो.

चौथा मार्ग जमिनीचा, आणि आज सर्वत्र चालतो तो हाच. १९९५ पासून झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना या तत्त्वावर चालू झाली. बांधकाम करणाऱ्याने झोपडीवासीयास घर विनामूल्य द्यावे; त्या बदल्यात शासन त्याला अधिक मजले चढविण्याची परवानगी देईल; त्या वाढीव मजल्यांची घरे खुल्या बाजारात विकून त्याने आपला खर्च व नफा काढावा. शासनाच्या तिजोरीतून पैसा जात नाही, म्हणून ही योजना सर्वांना प्रिय झाली. चाळीस लाख लोकांना घरे देण्याची घोषणा तेव्हा झाली होती. तीन दशके उलटली तरी ते ध्येय दूरच आहे. बीडीडी चाळींचा पुनर्विकास शासन आपल्याच गृहनिर्माण मंडळाकडून, म्हणजे म्हाडाकडून, करीत आहे. तेथे मधला बांधकाम व्यावसायिक मालक होऊन बसत नाही, ही त्यातील चांगली बाजू. तथापि पैशाचा उगम तेथेही तोच आहे. सार्वजनिक जमिनीच्या एका भागावर विक्रीची घरे उभी राहतात आणि त्यातून आपल्या घरांचा खर्च निघतो.

म्हणून मी आपणास नम्रपणे सांगतो, ‘फुकट घर’ हा शब्द आपण तोंडातून काढू नये. ते घर फुकट नाही. त्याची किंमत या शहराच्या जमिनीने दिली आहे, आणि ती जमीन आपल्या सर्वांची होती. शिवाय जमीन ही अशी पुंजी आहे की, जी एकदाच खर्चता येते. कर दरवर्षी गोळा होतो. विकलेली जमीन पुन्हा नगराच्या हाती येत नाही. गिरण्यांच्या जमिनींचे उदाहरण आपल्या डोळ्यांदेखतचे आहे. १९९१ च्या विकास नियमांत असे होते की, गिरणीच्या जमिनीचा विकास झाल्यास एक तृतीयांश भाग मोकळ्या मैदानांसाठी, एक तृतीयांश भाग सार्वजनिक घरांसाठी व उरलेला मालकाला मिळावा. २००१ साली नियम बदलला आणि ही वाटणी गिरणीच्या सबंध जमिनीची न राहता केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. नियमातील काही शब्द बदलले आणि ज्या जमिनीवर कामगारांची घरे झाली असती, ती शहराच्या हातून निसटली. आपण त्या वेळी त्या शब्दांकडे पाहत होतो काय?

आता कोणी म्हणेल, मुंबईसारख्या गर्दीच्या शहरात याहून वेगळे काय करता आले असते? अन्य एखाद्या शहराने, तेही दारिद्र्यात असताना, वेगळे करून दाखविले आहे काय? होय, दाखविले आहे. आणि त्यासाठी आपल्याला युरोपातील व्हिएन्ना या शहराकडे वळले पाहिजे.

पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाचे साम्राज्य मोडले आणि त्याची राजधानी व्हिएन्ना उपासमारीच्या दाराशी उभी राहिली. चलनाची किंमत उरली नव्हती. कामगार एकेका खोलीत दाटीने राहत होते. १९२२ च्या आरंभी या शहराला स्वतंत्र प्रांताचा दर्जा मिळाला व त्याबरोबर कर बसविण्याचा अधिकार आला. नगराचे अर्थखाते सांभाळणारे ह्यूगो ब्राइटनर यांनी १९२३ साली घरबांधणीचा एक खास कर सुरू केला. कर प्रत्येक जागेवर होता, पण सर्वांना सारखा नव्हता. कामगाराच्या खोलीवर तो नाममात्र, आणि बंगल्यावर, मोठ्या दुकानावर तो चढत जाणारा. शहरातील सर्वांत महाग अशा सुमारे अर्धा टक्का जागांनीच या कराचा जवळजवळ ४५ टक्के भाग भरला. घरी नोकरचाकर ठेवणे, मोटार बाळगणे, चैनीचे खाणेपिणे यांवर निराळे कर होते. भाडेनियंत्रणामुळे जमिनीचे भाव पडले होते. त्या संधीचा लाभ घेऊन नगराने जमिनी विकत घेतल्या.

या पैशातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून अधिक घरे बांधली गेली, आणि ती प्रायः कर्जाविना. कार्ल मार्क्स होफ या एकाच वसाहतीत १,३८२ घरे होती. तेथे सामाईक धुलाईघरे, बालवाड्या, ग्रंथालय व मोठी अंगणे होती. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बांधण्याचा खर्च करातून निघाला असल्यामुळे भाड्यात व्याज नव्हते. भाडे घेतले जाई ते केवळ इमारत राखण्यापुरते, आणि ते मजुराच्या मिळकतीचा अगदी लहान भाग होते. बांधण्याचा पैसा ऐपतवाल्यांकडून आणि राखण्याचा पैसा राहणाऱ्यांकडून, अशी ही स्वच्छ विभागणी होती. विकास खात्याच्या चाळींत जे साधले नाही, ते येथे साधले.

१९३४ साली तेथे हुकूमशाही आली, त्या घरांवर तोफा डागल्या गेल्या, बांधकाम थांबले. परंतु घरे नगराच्या मालकीची राहिली. आजही त्या शहराच्या मालकीची सुमारे २,२०,००० घरे आहेत आणि नफ्यावर मर्यादा असलेल्या सहकारी संस्थांची घरे त्याशिवाय. आज घरबांधणीसाठी तेथे पगारातून वर्गणी घेतली जाते. अर्धा टक्का कामगाराचा, अर्धा टक्का मालकाचा.

याच्या उलट उदाहरण जर्मनीतील ड्रेस्डेन शहराचे. त्या नगराने २००६ साली कर्ज फेडण्यासाठी आपल्या मालकीची ४७,००० हून अधिक घरे एका खाजगी कंपनीस एकदम विकून टाकली. नगर कर्जमुक्त झाले म्हणून कौतुक झाले. पुढे भाड्यांची चणचण भासू लागली, तेव्हा त्याच नगराला नवी गृहनिर्माण संस्था काढून पुन्हा घरे बांधावी लागली. एका पिढीने घेतलेला सुटकेचा श्वास पुढच्या पिढीला महाग पडला.

मुंबई म्हणजे व्हिएन्ना नव्हे, हे मी जाणतो. आपल्या महानगरपालिकेला मनास येईल तो कर बसविता येत नाही. २०१७ साली जकातही गेली व तिच्या जागी शासनाकडून येणाऱ्या भरपाईवर तिला विसंबावे लागले. तरीदेखील ऐपतीप्रमाणे भार टाकण्याचे तत्त्व येथे अपरिचित नाही. २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्यात आला, हे त्याच तत्त्वाचे एक अंग. दुसरे अंग अजून बाकी आहे. लहान घराला माफी मिळते, तर आलिशान घराने सार्वजनिक घरांसाठी काही अधिक द्यावे, आणि तो पैसा दुसऱ्या कोणत्याही कामाकडे वळवू नये, अशी मागणी आपण केली पाहिजे. त्याबरोबर आणखी दोन मागण्या असाव्यात. सार्वजनिक जमीन विकू नये, द्यावयाचीच तर भाडेपट्ट्याने द्यावी. आणि दुरुस्तीचा निधी बांधकामाच्या वाढत्या खर्चाशी जोडावा.

मागण्यांबद्दल एवढे पुरे. आता आपल्या कर्तव्याबद्दल बोलतो. कारण जो हक्क राखता येत नाही, तो हक्क मिळूनही न मिळाल्यासारखाच.

चाळीत एक नळ बिघडला तर गवंडी-नळकरी आणून काम भागत असे. चाळीस मजली इमारतीत उद्वाहन आहे, पाण्याचे पंप आहेत, आग विझविण्याची यंत्रे आहेत. ती चालविण्याचा खर्च दरमहा येणार आणि दहा-पंधरा वर्षांनी ती बदलण्याचा खर्च एकदम येणार. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत असे सांगितले आहे की, घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जमा करावी. समजा, एका घराचा बांधकाम खर्च २० लाख रुपये धरला, तर वर्षाला ५,००० व १५,००० मिळून २०,००० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे १,६७० रुपये झाले. चालू खर्च त्याहून निराळा. ही रक्कम कित्येक कुटुंबांना जड जाईल. म्हणूनच घराचा ताबा घेण्यापूर्वी हा आकडा विचारा, लिहून घ्या, आणि आरंभीच्या वर्षांचा भार शासनाने किंवा विक्रीच्या घरांच्या उत्पन्नाने उचलावा असा आग्रह आताच धरा. ताबा घेतल्यावर मागणी करणाऱ्याचे कोणी ऐकत नाही.

खर्च झेपत नाही म्हणून माणूस घर विकतो किंवा भाड्याने देऊन दूर जातो. ठराविक वर्षे विकण्यास बंदी असली, तरी ती वर्षे संपतात. माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने असेच घर विकले. मुलीचे लग्न झाले, थोडे कर्ज फिटले, आणि उरलेल्या पैशात शहरापासून दोन तासांच्या अंतरावर एक खोली आली. आज त्या घरातील कर्ता पुरुष पहाटे चारला उठून कामावर येतो. मुलाची शाळा सुटली ती सुटलीच. मी त्याला दोष देत नाही. त्याच्या शेजाऱ्यांना मात्र मी विचारीन की, त्याची थकबाकी वाढत होती, तेव्हा संस्थेने काय केले? संस्थेजवळ अडचणीतल्या सभासदासाठी एक लहानसा निधी असता, तर ते घर राहिले असते.

तेव्हा आपल्या संस्थेचा हिशेब दर महिन्याला फलकावर लागला पाहिजे. तो वाचता येणे हे केवळ शिकलेल्या मुलांचे काम नव्हे. घरचा खर्च ज्या सांभाळतात त्या भगिनींना समितीत जागा द्या, त्यांच्या नजरेतून एक रुपयाही सुटणार नाही. विकण्याची पाळी आलीच, तर घर प्रथम संस्थेला किंवा गरजू कुटुंबाला मिळावे, असा ठराव आपसांत करा. आणि आपल्या भागात विकास नियमांत कोणता बदल सुचविला जात आहे, यावर हरकत नोंदविण्याची मुदत कोणती, हे पाहण्यासाठी दोन तरुण नेमा. गिरण्यांच्या जमिनी गेल्या तेव्हा आपण ते केले नव्हते.

बंधुभगिनींनो, नगराजवळ पैसा थोडा आहे, ही तक्रार खरी आहे. परंतु थोडा पैसा असलेल्या घरात आई काय करते? ती आधी फाटलेले शिवते, मग नवे घेते. आणि घरातली भांडी मोडीत काढून सण साजरा करीत नाही. नगरानेही तेच करावे, आपणही तेच करावे. जे घर आज आपल्याला मिळत आहे, ते आपल्या नातवंडांच्या नावावर उभे राहील, अशा रीतीने ते राखा.

एवढे सांगून मी आपली रजा घेतो. जय भीम.